समोरच्या दुकानातला जामीनदार

मोरी-सान यांचं नाव मी सगळ्यात आधी लिहितो. पुढं लिहिताना माझं काही चुकलं, काही अर्धं राहिलं, तरी तेवढं एक नाव तुमच्यापर्यंत पोचलेलं असावं. क्योतोमध्ये आमच्या हॉटेलाच्या समोर, गल्लीच्या पलीकडच्या अंगाला, त्यांचं तोफूचं दुकान आहे. तोफू म्हणजे सोयाबीनच्या दुधाचं पनीर, असं मी घरी पत्रात लिहिलं होतं. त्यावर आईनं कुणाकडून तरी लिहवून घेतलं, ‘मग पनीरच म्हण की, उगं कशाला तोंड वाकडं करतोस.’

दुसरं नाव अनघा वहिनींचं. वहिनी मूळच्या पुण्याच्या. त्यांचे मिस्टर इथल्या विद्यापीठात संशोधन करतात. वहिनी स्वतः एका बेकरीत बाइतो करतात, म्हणजे ठरलेल्या तासांची नोकरी. या दोघांनी मिळून माझ्या दाजींना, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीच्या नवऱ्याला, पोलिसांच्या कोठडीतून बाहेर काढलं. मी नुसता मागं मागं फिरत होतो.

इथल्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकासाठी ‘परदेशातल्या नोकरीचा अनुभव लिहा’ असा निरोप आला, तेव्हा मी हसलोच. मी आठवीतून शाळा सोडलेला माणूस. पण वहिनी म्हणाल्या, “तुम्ही बोलता तसं लिहा, काना-मात्रा मी बघते.” तेव्हा यातले काने-मात्रे त्यांचे आणि बाकीच्या चुका माझ्या.

माझा धंदा आधी सांगतो. आमच्या हॉटेलात स्वयंपाकघरात दोघंच. एक रश्श्या-भाज्यांवर, तो मी. एक तंदूरवर. जपानी गिऱ्हाईक खरं तर नान बघायला येतं. खायला नंतर. म्हणून मालकांनी तंदूरसमोर काच बसवलीय. नान थापून आत चिकटवला की काचेपलीकडून “ओऽऽ” असा आवाज येतो. एक म्हातारे प्राध्यापक दर आठवड्याला येतात, नान जेवणाच्या काड्यांनी तोडून खातात आणि जाताना काचेसमोर वाकून तंदूरला नमस्कार करतात. तंदूरवाल्याला नव्हे हां, तंदूरला. पहिल्यांदा मला हसू आलं होतं. आता येत नाही.

तर असं काम. पण आमच्यासारख्याला इथं राहायचा परवाना मिळतो तो ‘अमुक हॉटेलाचा स्वयंपाकी’ म्हणून. दुकान सुटलं की देश सुटला. त्यामुळं मालकाच्या कपाळावर आठी पडली तरी आम्हाला घरी जायचं विमान दिसतं. ही भीती मी रोज कांदा चिरताना बरोबर घेऊन उभा असतो, आजही.

पहिला तंदूरवाला सोडून गेला तेव्हा मीच मालकांना म्हटलं, माझे दाजी आहेत. सातारा रस्त्यावरच्या ढाब्यावर त्यांनी तंदूर सांभाळलाय. मालक मुंबईचे. त्यांनी एवढंच विचारलं, “तू शब्द देतोस?” मी म्हणालो, देतो. आक्कानं इकडं पाठवताना मला फोनवर बजावलं होतं, “तुझ्या भरवशावर धाडतेय बघ. माणूस भोळा हाय, पण तोंडानं फटकळ.” दोन्ही गोष्टी पुढं खऱ्या ठरल्या.

दाजी आले. भरघोस मिशीचा माणूस. गल्लीत त्यांचं नाव कुणाला घेता येईना, म्हणून सगळे त्यांना ‘हिगे-सान’ म्हणायला लागले. हिगे म्हणजे मिशी, सान म्हणजे आपलं ‘राव’. दाजींना ते फार आवडलं. म्हणायचे, “गावात चाळीस वर्षं मिशी ठेवली, कुणी मिशीराव म्हनलं न्हाई. इथं आल्या आल्या मान.”

इथं परदेशी माणसाला सरकार एक नोंदणीचं कार्ड देतं, फोटो लावलेलं. ते सतत अंगावर पाहिजे असा कायदा आहे. हे मी दाजींना सांगितलं होतं. त्यांनी मान हलवली, कार्डाला प्लास्टिकची पिशवी गुंडाळली, त्यावर रुमाल बांधला आणि ट्रंकेत कपड्यांच्या खाली ठेवून कुलूप लावलं. मी म्हटलं, “दाजी, खिशात ठेवायचं असतंय.” तर म्हणाले, “रेशनकार्ड कधी खिशात घेऊन फिरलायस का तू? म्हत्त्वाचा कागद हाय. पावसात भिजला, पडला, तर कुणाच्या बापाला मागायचा?” आमच्याकडं मोलाचा कागद घरात ठेवतात. त्यात दाजींचं काय चुकलं? मीही पुढं काही बोललो नाही.

आता सायकल. आमच्या गल्लीच्या तोंडाशी कचरा ठेवायचा कोपरा आहे. इथं कचरा वाटेल तेव्हा, वाटेल तसा टाकायचा नाही. जळणारा वेगळा, बाटल्या वेगळ्या, मोठ्या वस्तू वेगळ्या, ज्याचा त्याचा वार. आणि तो कोपरा नीट राहावा म्हणून त्या दहा-बारा घरांचा एक गट असतो. आमच्या गटात देखरेख मोरी-सान करायचे. पाळी सगळ्यांची, पण डोळे त्यांचेच. आमच्या कितीतरी पिशव्या त्यांनी परत आणून दारात ठेवल्या असतील. “मसाल्याचा वास, तेलाचा डाग, चुकीचा वार,” एवढी जपानी मी त्यांच्याकडूनच शिकलो. आम्ही त्यांना लांबून बघितलं की पिशवी मागं लपवायचो. दाजी म्हणायचे, “आला बघ फौजदार.”

त्या कोपऱ्यात एक चंदेरी सायकल बरेच दिवस उभी होती. चाकात हवा नाही, साखळी गंजलेली. दाजींच्या जिवाला ते बघवेना. एके दिवशी त्यांनी ती उचलून आणली, तेलपाणी केलं, घंटी चकचकीत केली. नवी नवरी आणल्यासारखे सगळ्यांना दाखवत होते. आणि एका सुट्टीच्या दिवशी, सोमवारी, नदीकाठानं फिरून येतो म्हणून त्यावर बसून गेले. ते परत आलेच नाहीत.

संध्याकाळ झाली. मंगळवार उजाडला. मी मालकांना सांगितलं तर ते म्हणाले, “पळाला तो. टोकियोकडे कुणीतरी जास्त पगार दिला असेल. सगळे असंच करतात.” त्या काळात तसं करणारे होतेही. मी म्हटलं, “मालक, ट्रंक इथंच आहे. चपला इथंच आहेत.” ते म्हणाले, “पळणारा चपला मोजत नाही रे. हे बघ, आठवडाभर वाट बघतो. नाहीतर मला सरकारला कळवावं लागेल की माणूस फरार झाला. मग त्याचा परवाना गेला. आणि पोलिसात वगैरे जाऊ नकोस, हॉटेलाचं नाव नको तिथं.”

फरार हा शब्द मी आक्काला कसा सांगणार होतो? त्या दिवशी तंदूरपुढं मीच उभा राहिलो. नान काळे झाले. काचेपलीकडून कुणी “ओऽऽ” केलं नाही.

बुधवारी सकाळी मी कचरा ठेवायला गेलो. काय ठेवतोय, कुठं ठेवतोय, ध्यान नव्हतं. मागून खाकरल्याचा आवाज आला. मोरी-सान. रबरी गमबूट, पांढरा एप्रन, डोक्याला पंचा. त्यांनी माझी पिशवी उचलली, बघितली, आणि बोलायला तोंड उघडलं. मग माझ्या तोंडाकडं बघितलं आणि पिशवी हळूच खाली ठेवली.

“हिगे-सान कुठं आहेत?” त्यांनी विचारलं. “दोन दिवस दिसले नाहीत.”

माझ्याकडं असेल तेवढी जपानी मी गोळा केली. सोमवार. सायकल. आले नाहीत.

“चंदेरी सायकल? इथली?”

मी मान हलवली. ते काही क्षण त्या कोपऱ्याकडं बघत राहिले, जिथं सायकल उभी असायची. मग दुकानात गेले, बायकोला काहीतरी म्हणाले, एप्रन काढून खुंटीला लावला आणि बाहेर आले. तोफूवाल्यानं सकाळी गिऱ्हाइकाच्या वेळेला एप्रन काढणं म्हणजे मी कढई चुलीवर ठेवून निघून जाण्यासारखं आहे. “चला,” म्हणाले.

कोपऱ्यावरच्या पोलीस चौकीत त्यांना सगळे ओळखत होते. मी एकटा गेलो असतो तर माझंच कार्ड आधी बघितलं असतं. मोरी-सान तिथं वाकले, बोलले, परत वाकले. चौकीतल्या पोलिसानं फोन लावला. मग त्यानं आपल्या नाकाखाली बोट फिरवून मिशी दाखवली. मोरी-सान म्हणाले, “हो, तेच.”

दाजी सापडले. नदीच्या पुलापाशी पोलिसांनी अडवलं होतं. इथं प्रत्येक सायकलवर नोंदणीची चिठ्ठी चिकटवलेली असते. त्यावरून ती दुसऱ्या कुणाची, आणि चोरीला गेल्याची तक्रार आधीच दिलेली, हे निघालं. दाजींकडं कार्ड नाही. भाषा नाही. आणि हॉटेलाचं नाव विचारल्यावर हा माणूस तोंडात मिठाची गुळणी धरून बसलेला. नाव सांगितलं तर मालक आणि मेव्हणा दोघं गोत्यात येतील, अशी त्यांची समजूत.

पोलीस ठाण्याकडं जाताना मी एक शहाणपणा केला. हॉटेलात शिरून बेसनाच्या वड्यांचा डबा घेतला. आपल्याकडं सरकारी दारात रिकाम्या हातानं जायचं नाही, असं मी लहानपणापासून बघत आलो. ठाण्यात गेल्या गेल्या खिडकीपलीकडच्या साहेबांसमोर दोन्ही हातांनी तो डबा ठेवला. साहेब खुर्चीसकट मागं सरकले. चेहरा असा बंद झाला की दुकानाचं शटर पडावं. मोरी-सान पुढं झाले, तो डबा उचलून त्यांनी आपल्या काखेत मारला आणि इतके खाली वाकले की त्यांच्या डोक्यावरचा पंचा टेबलाला लागला. मला दाराबाहेर नेऊन म्हणाले, “इथं द्यायचं नसतं. ज्याचं नुकसान झालं त्याला द्यायचं.” मग डबा उघडून एक वडी तोंडात टाकली. “गोड आहे,” म्हणाले, तक्रार केल्यासारखं.

पण त्या दिवशी मी सुन्न झालो ते पुढच्या गोष्टीनं. परत आत गेल्यावर साहेबांनी मोरी-सान यांना विचारलं, तुम्हाला या प्रकरणातलं काय माहीत आहे? मोरी-सान ताठ बसले, हात मांडीवर. म्हणाले, “ती सायकल आमच्या कोपऱ्यात महिनोन् महिने होती. मी कळवायला हवं होतं, कळवलं नाही. हिगे-सानांनी ती उचलली तेव्हा मी दुकानातून पाहिलं. नको, अशी उचलू नका, हे सांगायला हवं होतं. कोपरा मोकळा झाला म्हणून मला बरं वाटलं, मी गप्प बसलो. चूक माझी आहे.”

मला अर्धंमुर्धं कळलं, पूर्ण नंतर वहिनींनी मोरी-सान यांना विचारून सांगितलं. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं. कुणी त्यांच्याकडं बोट दाखवलं नव्हतं. आपल्या वाट्याची चूक कुणी मागायच्या आधी पोलिसांच्या टेबलावर नेऊन ठेवणारा माणूस मी जन्मात पहिल्यांदा बघत होतो.

त्याच दुपारी मी वहिनींच्या दारात उभा राहिलो. त्यांची ओळख कढीपत्त्याची. इथं मिळत नाही, मालक मागवायचे, मी त्यांना थोडा द्यायचो. वहिनींनी सगळं ऐकलं आणि म्हणाल्या, “माझी जपानी बेकरीची आहे हो. ‘पाव गरम आहे, पिशवी हवी का’ एवढीच. पोलिसांची भाषा मला कुठली यायला?” असं म्हणत म्हणत कोट चढवला.

आता इथली रीत सांगतो, म्हणजे कुणावर वेळ आली तर गोंधळ होणार नाही. आपल्याकडं जामीन म्हटलं की वकील, कोर्ट, पैसे. इथं तसा जामीन खटला भरल्यावरच मिळतो. त्याच्या आधी पोलीस आणि सरकारी वकील माणसाला बरेच दिवस आत ठेवून चौकशी करू शकतात. मात्र खटला भरायचा की सोडायचं, हे ठरवताना ते दोन गोष्टी बघतात. ज्याचं नुकसान झालं त्यानं माफ केलं का? आणि बाहेर आल्यावर या माणसाला सांभाळायला, बोलावलं की हजर करायला, कोण उभं आहे? त्या उभ्या राहणाऱ्याला लेखी सही-शिक्का द्यावा लागतो. पैसा नाही लागत. माणूस लागतो.

मी मालकांकडं गेलो. ते म्हणाले, “ट्रंक फोडून कार्ड घेऊन जा, पगाराचा कागद मी देतो. सही नाही. उद्या तो खरंच पळाला तर?”

तेव्हा आमच्या स्वयंपाकघराच्या मागच्या दारातून मोरी-सान आत आले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. तंदूरकडं एकदा निरखून बघितलं. मालकांना म्हणाले, “सही मी करतो. तुम्ही फक्त त्यांची जागा ठेवा.” मालकांनी ‘ठेवतो’ म्हटलं. मग मराठीत मला हळूच म्हणाले, “अरे, हा तर रोज आपल्या नावानं बोंबलतो ना?” मी म्हटलं, “रोज.”

सायकलची मालकीण एक नोकरी करणारी तरुण मुलगी होती. पोलिसांनी तिला विचारलं, ती भेटायला तयार झाली. मोरी-सान म्हणाले, घरचं खाणं न्यायचं नाही, दुकानातलं, नीट कागदात बांधलेलं. ते त्यांनीच निवडलं. वहिनी आणि मी बरोबर. दार उघडल्याबरोबर, आत पायही न टाकता, हा पांढऱ्या केसांचा माणूस नातीच्या वयाच्या मुलीसमोर उंबऱ्यापाशी गुडघे टेकून जमिनीला कपाळ लावून बसला. ती घाबरली, “उठा, उठा” म्हणायला लागली. मीही बसलो. काय बोलायचं ते पाठ केलं होतं, ते विसरून गेलो. मोरी-सान खालूनच बोलत होते. वहिनींच्या डोळ्यांत पाणी. त्या मुलीनं नवी सायकल कधीच घेतली होती. तिला राग आधीच उरला नव्हता. पण आपल्या जुन्या सायकलसाठी कुणी असं वाकेल, हे तिलाही वाटलं नसावं. तिनं माफीच्या कागदावर सही केली आणि विचारलं, “सायकल चालते का हो अजून?” वहिनींनी सांगितलं, दाजींनी दुरुस्त केलीय. “मग ती त्यांनाच राहू दे,” म्हणाली.

दोन-चार दिवसांनी भेटीची परवानगी मिळाली. मी दाजींसाठी लेंगा-सदरा नेला. खिडकीतल्या पोलिसानं लेंगा उलगडला आणि नाडी अशी बाहेर ओढून काढली की जणू साप निघाला. आत दोरी चालत नाही. नाडी घडी करून, पाकिटात घालून, त्यावर नाव लिहून त्यानं माझ्या हातात दिली, वाकून.

भेटीत मधे काच, बाजूला एक पोलीस वही घेऊन. आणि अट अशी की जे बोलाल ते त्या पोलिसाला कळलं पाहिजे. म्हणजे माझं आणि दाजींचं सातारी बोलणं वहिनींनी वाक्यावाक्यानं जपानीत करायचं.

दाजी आले. एका हातानं लेंगा धरलेला. दाढी वाढलेली, मिशी मात्र पिळलेली.

“तंदूर कोन बघतंय रं?” हा पहिला प्रश्न.

“मीच बघतोय, दाजी.”

“मग संपलं हाटेल.”

वहिनींनी भाषांतर केलं. पोलिसानं लिहून घेतलं.

“आक्काला काय सांगितलंस?”

“दाढ दुखतीय, बोलता येत नाही म्हणून सांगितलं.”

“दाढ? लेका, दाढ किती दिवस दुखंल? ती हिथं डाक्टर घेऊन यील.” मग आवाज खाली गेला. “मालकाचं नाव मी सांगितलं न्हाई. तुझं बी न्हाई. तेवढं ध्यानात ठेव.”

“दाजी, नाव सगळ्यांना कळलंय. समोरचे मोरी-सान आलेत सोडवायला. सही तेच करणार आहेत.”

“कोन? फौजदार?”

वहिनी अडखळल्या. पोलिसानं पेन उचलून त्यांच्याकडं बघितलं. “मोरी-सान यांना हे आदरानं अधिकारी म्हणतात,” असं काहीतरी त्यांनी सांगितलं. पोलिसानं तेही लिहिलं.

दाजी काचेला हात लावायला गेले, पोलिसानं खूण केली, हात मागं घेतला. “त्यानं सही का करावी? मी तेचा कोन?” एवढं म्हणून त्यांनी तोंड फिरवलं. हे वाक्य वहिनींनी फार हळू आवाजात जपानीत सांगितलं. तो पोलीस लिहायचा थांबला. मग लिहिलं.

सहीच्या दिवशी नेमका हाच प्रश्न आला. मोठे अधिकारी होते. कागदावर रकाना होता: आरोपीशी नातं. मोरी-सान यांनी खिशातून आपला शिक्का काढला. इथं सहीपेक्षा नावाचा छोटा शिक्का मोठा. साहेबांनी विचारलं, “नातेवाईक?” नाही. “त्यांना नोकरी तुम्ही दिली?” नाही. “मित्र?” मोरी-सान यांनी विचार केला. खरं तेच सांगायचं, अशा विचारात. मग म्हणाले, “कचऱ्याच्या गटातले. आमचा कोपरा एक आहे.”

मला वाटलं, झालं, आता हसतील, कागद फेकतील. कुणी हसलं नाही. साहेबांनी मान खाली घातली आणि त्या रकान्यात सावकाश, सुबक अक्षरात ते जसंच्या तसं लिहिलं. मोरी-सान यांनी शिक्का उमटवला, वर फुंकर मारली. वहिनींनी माझा दंड घट्ट धरला होता.

मी कितीदा तरी विचार करतो. आमच्या भावकीत लग्नाला न बोलावल्यावरून वर्षानुवर्षं बोलणं बंद असतं. सख्ख्या माणसासाठी ठाण्याची पायरी चढताना लोक आधी मागं वळून बघतात, कुणी बघतंय का. आणि इथं एक माणूस म्हणतो, आमचा कचरा एका जागी पडतो, म्हणून हा माझा.

सरकारी वकिलांनी खटला भरला नाही. कार्ड जवळ न ठेवल्याबद्दल ताकीद मिळाली. दुसऱ्या आठवड्यात दाजींना सोडलं. ठाण्याच्या बाजूच्या दारातून ते आले, कागदी पिशवीत सामान, अंगावर धुतलेला सदरा. दारातल्या पोलिसांना मोरी-सान आधी वाकले. मग वळले आणि दाजींवर कडाडले. वहिनी घाईघाईनं सांगत होत्या, “मोठ्या वस्तूंचा कचरा कुणाचा आहे ते विचारल्याशिवाय उचलायचा नाही, कार्ड घरी ठेवायचं नाही, बायकोला काळजी लावायची नाही…”

दाजींना भाषांतराची गरज नव्हती. त्यांनी पिशवी खाली ठेवली आणि सरळ मोरी-सान यांच्या पायांवर डोकं ठेवलं. आपण ठेवतो तसं. मोरी-सान यांना वाटलं, हा माफी मागतोय, आणि इतक्या खाली जाऊन मागतोय म्हटल्यावर आपण वर कसं राहायचं? तेही गुडघ्यांवर बसले आणि त्यांनी जमिनीला कपाळ लावलं. ते बघून दाजी आणखी आडवे झाले. ठाण्यासमोर, भर दुपारी, एकमेकांपेक्षा खाली जायची दोघांची चढाओढ. सायकलवरून जाणाऱ्या बायका थांबून बघायला लागल्या. शेवटी वहिनी दोघांच्या मधे गेल्या आणि मराठीतच ओरडल्या, “अहो, पुरे! उठा दोघंही!” दोघंही उठले.

दाजी पुढं दीड वर्ष तंदूरवर होते. मग आक्काची तब्येत बिघडली म्हणून गावी गेले. तिथं आता ढाबा काढलाय. आक्काला दाढेची गोष्ट खोटी होती हे कळलं तेव्हा तिनं मला फोनवर अर्धा तास सुनावलं आणि शेवटी विचारलं, “त्या म्हाताऱ्याला आपुन काय देऊ शकतो रं?”

हाच प्रश्न मला आहे. मी त्यांना विचारलंही होतं. ते म्हणाले, “वार चुकवू नका.” वार मी चुकवत नाही. पण ते देणं नव्हे.

गेल्या वर्षी मोरी-सान यांची बायको वारली. मूलबाळ नाही. दुकान अजून उघडतात, पण गुडघे धरलेत, उभं राहवत नाही. डॉक्टर शस्त्रक्रिया करा म्हणतात. इथं दवाखान्यात दाखल होतानाही कुणीतरी जबाबदारी घेणारा लिहून द्यावा लागतो. ते पुढं ढकलत राहतात. वहिनींकडून मला कळलं, कारण तेच आहे: कुणाला सांगायचं, कुणाला त्रास द्यायचा.

परवा मी त्यांच्या दुकानात गेलो आणि म्हटलं, मी लिहून देतो. ते हसले. म्हणाले, “तुमचाच परवाना दरवर्षी लोंबकळत असतो.” खरं आहे. मी त्या दवाखान्याला चालेन की नाही, मला माहीत नाही. मला खिडकीपुढं उभं राहायची आजही भीती वाटते. बोलताना शब्द पळून जातात.

तरी, मोरी-सान, हे तुम्हाला वाचता येणार नाही, वहिनी वाचून दाखवतील. मी माझ्या नावाचा शिक्का करून घेतलाय. तुम्ही ज्या दिवशी तयार व्हाल त्या दिवशी मी कढई उतरवून, एप्रन काढून तुमच्याबरोबर येईन. त्या दवाखान्यानं मला नाही म्हटलं तर दुसऱ्या दवाखान्यात येईन, तिसऱ्यात येईन. कुठंतरी घेतील. आणि तुम्ही बरे होऊन चालायला लागेपर्यंत तुमच्यासाठी मी हजर राहीन, हा माझा शब्द.